हिराबायची विहीर मी खारवली तो महिना

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की प्लॉटवाले शोधत येतील, आणि आलेल्यांना चहा पाजायला आता घरात कोणी नाही. हौसा गेली त्याला आठ महिने झाले. ती असती तर तिनं चहाही पाजला असता आणि चार शब्द सुनावून वाटेलाही लावलं असतं. मला दोन्ही जमत नाही. एवढंच सांगतो की बोईसरहून सायकलनं तासाभराच्या वाटेवर, समुद्राच्या कडेला, माडांच्या सावलीत हे गाव आहे. ज्या पडवीत बसून मी हे लिहितोय ती पडवी आमची कशी झाली, ते इथं सांगायचंय. शाळा माझी सातवीपर्यंत. वाक्य कुठं वाकडं गेलं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, हौसा एकोणीसची. माणदेशातून आम्ही बोईसरला आलो. मी तारेच्या कारखान्यात लागलो आणि एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. खोली म्हणजे दहा बाय दहा. त्यात मी, हौसा आणि माझे दोन चुलतभाऊ. तिघांच्या पाळ्या तीन, त्यामुळे दिवसाचे चोवीस तास खोलीत कोणीतरी झोपलेलं असायचंच. गादी कधी थंड झाली नाही. हौसा बांगड्या कोपरापर्यंत वर सारून भाकरी थापायची, आवाज नको म्हणून. फोडणी घालायची ती दाराकडे तोंड करून, कारण ठसका लागला तर बाहेर पळता यायला पाहिजे. स्वयंपाक झाला की ती दाराबाहेर पायरीवर बसायची, कारण आत दीर झोपलेला. समोरच्या खोलीत बनारसकडची एक बाई होती. ती रोज म्हणायची, "भाभी, इधर आके बैठो. तुम्हारा घर तो फिर सोया हुआ है." हौसा हसायची. पण एकदा दुपारी मी पाळीवरून आलो तर ती पायरीवरच भिंतीला टेकून झोपलेली, तोंडावर ऊन. तिला दिवस गेले होते. मी उठवलं तर म्हणाली, "अवो, ह्या खोलीत पोर रडलं तर कुणाची पाळी मोडंल?" मग म्हणाली, "मला बंगला नको. दार लावून जोरात खोकता यील येवढं घर बघा."

माझ्याच मशीनवर ह्या गावचा मोरेश्वर होता. अंगानं काटकुळा, बोलायला लागला की मशीन बंद पडलेलंही त्याला कळायचं नाही. त्यानं एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही पहिल्यांदाच समुद्र बघत होतो. हौसानं पाणी बघितलं, डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, "ह्यातलं पिकाला कुठलं सोडत्यात?" मोरेश्वर इतका हसला की खाली बसला. जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. आम्ही मटण खाणारी माणसं, पण माशाचा वाससुद्धा माहीत नव्हता. मी काटे काढत बसलो. हौसानं दोन वेळा मागून घेतलं. जेवण झाल्यावर मोरेश्वर म्हणाला, "शेजारची हिराबाय घर विकायचा म्हनते. पन देत कोनाला नाय. बघून तर घ्या."

हिराबाय म्हणजे सत्तरीची म्हातारी, कपाळावर गोंदण, कमरेत वाकलेली पण जिभेनं ताठ. मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. कौलारू घर, पुढं पडवी, मागं एक खोली, वाडीत नऊ माड, दोन ताडगोळ्याची झाडं आणि मधोमध विहीर. त्या विहिरीवर आजूबाजूची पाच घरं पाणी भरायची. घर गावठाणातलं, म्हणजे कागदाची फार भानगड नव्हती. मी विहिरीत डोकावलो. दोन पुरुष उंचीएवढीसुद्धा खोल नाही आणि तळाला गुडघाभर पाणी. आमच्याकडं एवढा खड्डा आम्ही झाड लावायला खणतो. पण हौसा विहीर बघतच नव्हती. ती पडवीत गेली, घराच्या दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"काय बघतंस, पोरी?" हिराबायनं विचारलं.

"कडी बघती. घट्ट हाय."

"घट्टच हाय. माज्या दादल्यानं बसवलीय. आनि तुजा हा काय बघते? विहिरीत उडी मारते का?"

मी म्हटलं, आजी, किंमत काय घ्याल? तर ती म्हणाली, "किमतीचा मागून बघू. पयला रावून बघायचा. ह्या अमावशेपासून त्या अमावशेपरत इतं राहाचा. दोन उधाना बघायची, वारा बघायचा, शेजार बघायचा. तुमी घराला बघा, घर तुमाला बघल. रविवारी येऊन ताडगोलं खाऊन जानारी लय येतात. मी त्यांना घर देत नाय." मोरेश्वरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्याआधी दोन जण असे राहून गेले. एकाला डास चावले, दुसऱ्याच्या बायकोला सुक्या बोंबलाच्या वासानं चक्कर आली. तिसरे आम्ही.

आता लोक मोबाईलवर फोटो बघून जमीन घेतात. परवा एक जण गाडीतून न उतरता ड्रोन उडवून गेला. काच खाली करून मला म्हणाला, "काका, सी व्ह्यू कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, ओल्या बाजूला. हौसा असती तर हसली असती, म्हणून लिहून ठेवतो.

अमावास्येला आम्ही एक ट्रंक, स्टोव्ह आणि जातं घेऊन आलो. पुढची खोली आमची, मागची हिराबायची. पहिले आठ दिवस तर मला झोपच लागेना, कारण घरात दुसरं कोणी झोपलेलं नव्हतं. मी पहाटे सायकलनं कारखान्यात जायचो, दुपारी घामानं चिंब होऊन परत यायचो, आणि वळणावर आलो की हौसाचा आवाज ऐकू यायचा. ही बाई गाते हे मला लग्नाला दीड वर्ष झाल्यावर कळलं. वाईट गायची, पण मोठ्यानं गायची. बांगड्या मनगटावर आल्या होत्या. शेजारच्या सुमनशी तिची पहिल्या दिवसापासून गट्टी जमली. सुमन म्हणजे मोरेश्वरची वहिनी. नवरा बोटीवर जायचा, आणि हिची जीभ अशी की किनाऱ्यावरून बोलली तर त्याला बोटीत ऐकू जावी. दोघी मिळून बांबूच्या दांड्यांवर बोंबील जोडीजोडीनं टांगायच्या. हौसानं तिला ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा शिकवला. सुमन ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "बाय गो, तुमच्याकडं मानसा मारायला हाच वापरतात काय?"

सगळं इतकं चांगलं चाललं होतं की मला भीती वाटायला लागली. वाटायचं, अमावास्या येईल आणि म्हातारी नको म्हणेल. काहीतरी करून दाखवावं असं माझ्या डोक्यात घुसलं. वैशाखाचं ऊन तापलेलं, विहिरीत पाणी कमी. बायका लहान लहान कळश्या घेऊन यायच्या, हळूच वरवर बुडवायच्या, आणि दोन कळश्या झाल्या की थांबायच्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना पाणी पुरत नाही. मी माणदेशी माणूस. आमच्याकडं पाणी आटलं की एकच उपाय, खाली जायचं. माझ्या बापानं विहीर तीनदा खोल केली होती आणि तिन्ही वेळा गावानं फेटा बांधून, नारळ देऊन त्याचा सत्कार केला होता. पुढच्या आठवड्यात हिराबाय भाचीच्या लग्नाला तीन दिवस गेली, आणि मी कारखान्यात रजा टाकून पहार घेऊन विहिरीत उतरलो.

हौसा वरून म्हणाली, "आजीला इचारलंय का?"

"आल्यावर बघेल की. खूश होईल."

"सुमनला तरी इचारा."

"बायकांना विहिरीतलं काय कळतं?"

हे वाक्य मी बोललो हे खरं आहे. पुढं चाळीस वर्षं हौसानं ते मला जसंच्या तसं, माझ्याच आवाजात, नातवंडांसमोर बोलून दाखवलं.

दोन दिवस खणलं. मी घमेलं भरायचो, हौसा पोटुशी म्हणून तिला दोरीला हात लावू देत नव्हतो, मीच वर चढून ओढायचो. मुरूम संपला, त्याखाली करडी वाळू लागली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी असं उसळलं की पहार तिथंच टाकून मी वर आलो. तासाभरात कमरेएवढं, संध्याकाळपर्यंत छातीएवढं. सुमन ते दोन्ही दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत बोंबील विकायला पालघरच्या बाजारात, मोरेश्वर पाळीवर. नाहीतर कोणीतरी मला वेळेत शिव्या दिल्या असत्या. मी चव घेतली, पाणी ठीक होतं. मी बाकीच्या चार घरांतल्या म्हाताऱ्यांना आणि पोरींना हाका मारल्या. म्हटलं, हंडे आणा, कळश्या नकोत. सगळ्यांनी हंडेच्या हंडे उपसले. मी कंबरेवर हात ठेवून कठड्यावर उभा होतो. माझा बाप तिथं असता तर त्याला बरं वाटलं असतं, असा विचारही मी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि मला वाटलं हौसानं साखरेऐवजी मीठ घातलं. तिला म्हटलं, लक्ष कुठं आहे तुझं? तिनं हंड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन माझ्या तोंडासमोर धरलं. तेवढ्यात सुमन हातात पातेलं घेऊन वाडीत शिरली. "दोन घटका झाल्या डाल शिजत नाय! दगडावानी टनटन वाजते! काय टाकलाव विहिरीत?" मग तिला मुरमाचा ढीग दिसला. तिनं ढिगाकडं बघितलं, विहिरीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि ती गप्प झाली. सुमन गप्प झाली म्हणजे काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

हिराबाय दुपारच्या एसटीनं आली. वाटेतच कोणीतरी सांगितलेलं असावं. पिशवी खाली न ठेवता थेट विहिरीवर गेली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि कठड्यावर बसली. मी रागावण्याची वाट बघत होतो. ती हळू आवाजात, पोराला सांगावं तसं सांगायला लागली. "गोड पानी पावसाचा, तो वर तरंगते. त्याच्याखाली समुद्र निजलाय. दुधावरची साय काढतात तसा पानी वरवरना काढायचा, थोडा थोडा. माज्या सासऱ्याना विहीर खनली ती मापून खनली. समुद्र उठू नये म्हनून. तू त्याला पहार मारून उठवलास." पाचही घरं गोळा झाली होती. कोणीतरी म्हणालं, ह्यांना आजच्या आज गाडीत बसवा. सुमन म्हणाली, "बसवा, पन पयला तो ढीग आत टाकून घ्या. उचल, भाऊ. जसा काढलास तसा भर."

मी हौसाकडं बघितलं. ती दारात उभी होती, एक हात कडीवर. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो माझ्यासाठी होता. लग्नात मी तिला काही दिलं नव्हतं, खोलीत काही दिलं नव्हतं, आणि जे तिला तिच्या वागण्यानं मिळत आलं होतं ते मी दोन हात खोल जाऊन घालवलं.

ढीग आत टाकला. मोरेश्वरनं सांगितलं तशी भातखाचरातली चिकणमाती आणली, पायानं तुडवून तळाला लिंपली, त्यावर धुतलेली वाळू अंथरली. पंधरा दिवस कोणी पाणी उपसायचं नाही असं हिराबायनं ठरवलं. तोपर्यंत पाच घरांना पाणी कोण देणार? मी. गावाच्या दुसऱ्या टोकाला देवळाची विहीर होती. पाळीला जाण्याआधी आणि आल्यावर मी खांद्यावर कावड घेऊन फेऱ्या घालायचो. पहिल्या दिवशी लोक नुसते बघायचे. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले. "काय भाऊ, हा किती खोलचा हाय?" "भाऊ, आमच्या संडासाचा खड्डा थोडा उथल हाय, येतंस काय?" एक म्हातारा तर रोज पडवीतून ओरडायचा, "समुद्र काय म्हनते?" मी म्हणायचो, झोपला. तो म्हणायचा, "त्याला अंगाई म्हन." खांद्याची साल निघाली, तिथं सुमननं खोबरेल तेल लावायला दिलं, आणि देताना म्हणाली, "तुझ्यासाठी नाय. तुझा खांदा पडला तर पानी कोन आनल?" हौसा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी कावड खाली ठेवली तेव्हा तिनं गूळ-पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "बायकांना इहिरीतलं काय कळतं, न्हवं?" मी म्हटलं, सगळं कळतं. बोलणं सुरू झालं.

अमावास्या आली. सकाळीच पाचही घरं वाडीत जमली. म्हातारीनं बोलावली नव्हती, तरी जमली. आम्ही ट्रंक भरून ठेवली होती, जातं पोत्यात बांधलं होतं. बनारसवाल्या बाईला निरोपही गेला होता की आम्ही येतोय. हिराबायनं कळशी सोडली, हळूच वरवर बुडवली, ओढली. स्वतः चाखलं. सुमनला चाखायला दिलं. सुमननं तोंड वाकडं केलं, "घामासारखा लागते. पयल्यापरीस बरा, पन घामच." मग हिराबायनं तांब्या भरून माझ्या हातात दिला. म्हणाली, "पी." मी प्यालो. "सगला." मी सगळा प्यालो.

"कसा हाय?"

"खारट."

"मग आता ऐक. हा पानी गोड होयाला पाऊस लागल, गनपती लागल, कदाचित अजून एक वरीस लागल. तवर आमी ह्यो प्यायचा आनि तू बोईसरला जाऊन नळाचा पिनार? नाय जमनार. ज्याना खारवला, त्याना इतंच रावून प्यायचा. घर तुमचा. मागची खोली मी मरेपरत माझी."

मोरेश्वरनं टाळी वाजवली, आणि त्याच्या वहिनीनं त्याच्याकडं असं बघितलं की दुसरी वाजली नाही. मग सुमनच म्हणाली, "बरोबर हाय. शिक्षा म्हनजे शिक्षा." मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. हौसा मात्र शांत. ती पुढं आली, हिराबायच्या पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "आजी, माझंबी येक ऐका. आजपास्नं पाणी मी काढणार. न्हाई जमलं तर सुमन काढंल. ह्यांनी इहिरीच्या दोराला हात लावायचा न्हाई."

"ठरला," हिराबाय म्हणाली.

किंमत हप्त्यानं फेडायची ठरली आणि महिनाभरानं पालघरला जाऊन कागद केले. हिराबायनं अंगठा उठवला आणि शाईचा अंगठा हौसाच्या पदराला पुसला. आम्ही तिघांनी बाजारात भजी खाल्ली, आणि म्हातारीनं भजीवाल्याला विचारलं की पाणी कुठल्या विहिरीचं वापरतोस. आमची मुलगी ह्याच घरात जन्मली आणि मनसोक्त रडली. हिराबाय मागच्या खोलीत अकरा वर्षं राहिली. विहीर दुसऱ्या पावसानंतर पुरती गोड झाली. वरच्या अंगाला ज्यांनी मागून बोअर मारले ते आज टँकर मागवतात. आमच्या विहिरीला मोटरसुद्धा लावलेली नाही.

आणि हौसानं शब्द पाळला. मी गंमत समजलो होतो. तिला ताप असो, बाळंतपण असो, मी घरात रिकामा बसलेला असो, पाणी तिनं काढलं, नाहीतर कुंपणावरून सुमनला हाक मारली. पोरगी दहा वर्षांची झाली तेव्हा दोर तिच्या हातात आला, माझ्या नाही. जावई पहिल्यांदा आला तर त्यालाही सांगितलं, "तुमी काढा. सासऱ्याला सांगू नका." म्हातारपणी गुडघे गेले तरी ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मी पाचशे पावलांवरच्या दुकानात साखर आणायला जायचो.

तिचं तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगी दोन दिवस राहून गेली. तिसऱ्या सकाळी घरात पाणी नव्हतं. मी कळशी घेतली आणि विहिरीवर गेलो. दोर हातात घेतला तर तो किती जाड आहे हेच मला माहीत नव्हतं. कळशी सोडली, ती आडवी पडली, बुडेचना. सुमन आता माझ्याएवढीच म्हातारी. तिच्या पडवीतून ओरडली, "भाऊ, वरवरना काढ! खाली जाऊ नको!" मी म्हटलं, माहीत आहे गं. पुन्हा सोडली. पुन्हा आडवी. मग मी दोर तसाच हातात धरून कठड्यावर बसलो. थोड्या वेळानं सुमन काठी टेकत कुंपणातून आली, दोर माझ्या हातातून घेतला, एका झटक्यात कळशी भरून माझ्यासमोर ठेवली आणि परत गेली.